भीड की आदर?



आपल्यापैकी बहुतेकांच्या घराला लागून असलेले घर ख्रिस्ती माणसाचे नाही. आपण मुंबईत राहत असा वा भोपाळमध्ये, बडोद्यात असा वा हैदराबादेत, रविवारच्या उपासनेचे दोन तास वगळले तर आपला सारा आठवडा इतर धर्मांच्या, किंवा कोणताच धर्म फारसा मनावर न घेणाऱ्या, माणसांच्या सहवासात जातो. कचेरीत आपल्या शेजारच्या मेजावर तीच माणसे असतात, आपल्या मुलांना तीच शिकवतात, आपल्या आजारपणात तीच प्रथम धावून येतात. अशा जगात आपला विश्वास ठामपणे आणि तरीही प्रेमाने कसा जगावा, हा प्रश्न ईश्वरविज्ञानाच्या पदवीपरीक्षेत मी सोडवला होता व त्याला बरे गुणही मिळाले होते. पुढे तो मला इंदुरात, २००१ साली, घराच्या जिन्यात भेटला, आणि तेथे मात्र मी नापास झालो. त्याची हकिकत प्रथम सांगतो.

आमच्या शेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर राहत. सारी वाडी त्यांना नाना म्हणे, म्हणून आम्हीही नानाच म्हणत असू. मी तेव्हा भाषांतराच्या कामास नुकताच लागलो होतो. मराठी मसुद्यांची जाडजूड पाकिटे टपालाने येत, आणि नाना ती हातात घेऊन वजनाचा अंदाज करीत व तिकिटे कमी लागली आहेत की जास्त, हे सांगत. त्यांच्या पत्नीला आम्ही काकू म्हणत असू. आम्ही राहावयास आलो त्या पहिल्याच वर्षी गणेशचतुर्थीला काकू मोदकांचे ताट घेऊन दारात उभ्या राहिल्या. मी गडबडलो. घ्यावे तर मनाला लागते, न घ्यावे तर त्या माउलीचा अपमान होतो. मी काही तरी पुटपुटून आत वळलो. माझी पत्नी मात्र पुढे झाली आणि म्हणाली, "काकू, तुमच्या हातचे आम्हांला हवेच आहे. पण देवापुढे ठेवलेले आम्ही घेत नाही, आमच्या श्रद्धेला ते धरून नाही. तुम्हांला वाईट वाटेल म्हणून लपवून ठेवण्यापेक्षा सांगितलेले बरे." काकू क्षणभर थांबल्या, "बरं झालं सांगितलंस," म्हणाल्या, आणि ताट घेऊन परत गेल्या. मला वाटले, संबंध तुटला. पुढच्या वर्षी त्या पुन्हा आल्या. ताट झाकलेले होते. "नैवेद्य दाखवायच्या आधीच तुमचे काढून ठेवले," त्या म्हणाल्या. त्यानंतर दरवर्षी तसेच घडत गेले.

या विषयावर आपल्या मंडळ्यांत एकमत नाही, हे मी जाणतो. करिंथ येथील मंडळीतही नव्हते. पौलाने त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचे आठ ते दहा हे अध्याय जवळजवळ याच प्रश्नाला दिलेले आहेत. बाजारात विकले जाणारे मांस खुशाल घ्या, यजमानाच्या पंगतीला बसा आणि चौकशा करीत राहू नका, असे तो म्हणतो. मात्र हे अर्पण केलेले आहे असे कोणी सांगितले तर घेऊ नका, आणि तेही त्या सांगणाऱ्याच्या विवेकाकरिता. पौलाने नियम दिला, पण त्या नियमाच्या मध्यभागी पदार्थ नसून समोरचा माणूस आहे, ही गोष्ट आपण बहुधा विसरतो. प्रसादाच्या प्रश्नावर तावातावाने बोलणारे आपले काही बंधू शेजाऱ्याचे नाव तरी जाणतात का, अशी शंका मला कधी कधी येते.

काकू २००१ च्या पावसाळ्यात वारल्या. तेराव्यानंतर चार-पाच दिवसांनी नाना मला जिन्यात भेटले. हातात दुधाची पिशवी होती. ते एका पायरीवर बसले आणि म्हणाले, "अहो, तुम्ही इतकी वर्षे त्या ग्रंथाचे काम करता. एक विचारू? मेलेल्या माणसाविषयी तुम्ही लोक काय मानता? ही आता कोठे असेल?"

मी काय उत्तर दिले, ते लिहिताना आजही हात अडखळतो. मी म्हणालो, "नाना, सगळे धर्म शेवटी एकच सांगतात. काकू पुण्यवान होत्या. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." नानांनी माझ्याकडे पाहिले, मान हलविली, पिशवी उचलली आणि वर गेले. दोन दिवसांनी ते सहज बोलल्यासारखे म्हणाले, "त्या दिवशी मी सगळ्या धर्मांचे विचारले नव्हते. तुमचे विचारले होते."

वाचकहो, मी असे उत्तर का दिले? माझ्याजवळ कारणे होती आणि ती सारी सभ्य होती. दुःखात असलेल्या माणसाला धर्मोपदेश करू नये, हे एक. आपण धर्मनिरपेक्ष देशात राहतो, हे दुसरे. तिसरे कारण मी कोणाजवळ बोललो नाही, पण ते मनात होते. मध्य प्रदेशात १९६८ पासून धर्मांतरासंबंधीचा कायदा होता (२०२१ साली त्याची जागा नव्या, अधिक कडक कायद्याने घेतली), आणि ख्रिस्ती माणसाने जपून बोलावे असे आम्हांला मंडळीतील वडीलधारे नेहमी बजावीत. परंतु तो कायदा बळजबरी, फसवणूक व आमिष यांविषयी होता. शेजारी आपण होऊन विचारतो आणि आपण आपली आशा सांगतो, यात बळजबरी नाही, फसवणूक नाही, आमिषही नाही. उलट मी जे उत्तर दिले त्यातच थोडी फसवणूक होती, कारण सगळे धर्म एकच सांगतात असे मी मानीत नाही आणि तेव्हाही मानीत नव्हतो.

'धर्मनिरपेक्ष' या शब्दाविषयी भाषांतरकार या नात्याने थोडे सांगावेसे वाटते. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने १९७६ साली तो संविधानाच्या उद्देशिकेत आला. हिंदी पाठात 'पंथनिरपेक्ष' आहे, मराठीत आपण 'धर्मनिरपेक्ष' म्हणतो. निरपेक्ष तो, जो अपेक्षा ठेवत नाही. राज्याने नागरिकाकडून कोणत्याही धर्माची अपेक्षा ठेवू नये, हा त्यातील आशय. नागरिकाने स्वतःच्या धर्माविषयी मौन पाळावे, असे त्या शब्दात कोठेही नाही. संविधानाचे पंचविसावे कलम तर सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य, धर्म प्रकट करण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून, प्रत्येकाला देते. प्रसार म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली रेव्ह. स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात सांगितले. तो खटलाही अंशतः मध्य प्रदेशच्या त्याच कायद्यातून निघाला होता. या निकालाविषयी आपल्यात नाराजी आहे, आणि ती विनाकारण नाही. तरी एवढे खरे की, हृदय पालटणे हे आपले काम नाही, ते पवित्र आत्म्याचे आहे, असे आपणच वेदीवरून शिकवीत आलो आहोत. 

माझ्या त्या मौनाला राज्याने भाग पाडले नव्हते. मग कशाने पाडले? योगायोग असा की, त्याच महिन्यांत पेत्राच्या पहिल्या पत्राचा मसुदा माझ्या मेजावर होता. तिसऱ्या अध्यायात पंधराव्या वचनापाशी आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर देण्याची आज्ञा येते. तेथील 'अपोलोगिया' हा ग्रीक शब्द न्यायालयात दिल्या जाणाऱ्या जबाबाचा आहे. त्या उत्तरासोबत दोन गुण असावेत असे पेत्र लिहितो. पहिला सौम्यता. दुसऱ्यासाठी त्याने 'फोबोस' हा शब्द वापरला आहे. फोबोस म्हणजे भय. आपल्या परिचयाच्या जुन्या मराठी भाषांतरात येथे 'भीडस्तपणा' हा शब्द आहे. त्या भाषांतरकारांविषयी मला नितान्त आदर आहे, त्यांच्या काळी त्या शब्दाला विनयाचा अर्थ अधिक असावा. पण आजच्या मराठी माणसाच्या कानाला भीड निराळी ऐकू येते. भीड ही भिकेची बहीण, असे आपली म्हणच सांगते. ज्याला भीड पडते, तो नाही म्हणावयाचे तेथे हो म्हणतो आणि बोलावयाचे तेथे गप्प बसतो. पेत्राला हे अभिप्रेत असणे शक्य नाही, कारण लगेच आधीच्या वचनात तो माणसांच्या भयाने भिऊ नका असे सांगून चुकला आहे, आणि दुसऱ्या अध्यायात त्याने मान सर्वांना व भय देवाला अशी स्पष्ट विभागणीही केली आहे. म्हणून फोबोस हे देवाचे भय आहे, असे माझे मत. देवाचे भय बाळगणारा माणूस विचारणाऱ्यापुढे उद्धट होणार नाही, कारण तो विचारणाराही देवाच्या प्रतिरूपाचा आहे. आणि तो खोटेही बोलणार नाही, कारण ऐकणारा एकटा शेजारी नाही.

मला नानांची भीड पडली होती. त्या भिडेला मी करुणा समजत होतो. माझ्या पत्नीने काकूंचा आदर केला होता आणि मला तो उद्धटपणा वाटला होता. हा फरक ध्यानात येण्यास मला बराच काळ लागला, आणि तो येण्यास साहाय्य झाले ते पंडिता रमाबाईंच्या चरित्रातील एका प्रकरणाचे. ते प्रकरण आपल्याला ऐकून ठाऊक असते, पण बहुधा आपल्या बाजूनेच.

रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले व पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. उच्चवर्णीय विधवांना तेथे आसरा व शिक्षण मिळे. बोस्टन येथे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे त्याचा खर्च उचलण्याचे ठरविले होते, आणि अट अशी होती की, सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ असेल. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार होती. मुलींना आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती. रमाबाई १८८३ सालीच बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाल्या होत्या. त्या मुलींना धर्मशिक्षण देत नसत, परंतु स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. यातून १८९३ साली वादळ उठले. 'केसरी'ने कडक टीका केली, रानडे-भांडारकरांनी अंग काढून घेतले, अनेक पालकांनी मुली घरी नेल्या.

दार लावून घेतले असते तर हे सारे टळले असते. मग रमाबाईंनी दार लावून घ्यावयास हवे होते काय?

आपण चटकन 'नाही' म्हणतो. मला तसे चटकन म्हणवत नाही. रानडे व भांडारकर हे काही ख्रिस्तद्वेष्टे नव्हते. दोघेही प्रार्थनासमाजाचे, सुधारणेसाठी स्वकीयांचा रोष पत्करलेले. त्यांच्या शब्दावर विसंबून पालकांनी मुली पाठविल्या होत्या. आणि त्यांच्या आक्षेपात एक मुद्दा असा होता की, तो आजही आपल्या प्रत्येक वसतिगृहाला, शाळेला, रुग्णालयाला विचारला जावा. ज्या कोवळ्या विधवेला या घराबाहेर दुसरे घर नाही, तिने आश्रयदात्रीच्या खोलीत आपण होऊन येणे हे कितपत आपण होऊन असते? जिच्या हाती अन्न आहे तिचे उघडे दार हे नुसते दार राहत नाही. आमिष न दाखवताही माणसाला ओढ लागू शकते. सेवाकार्यात आयुष्य घालविलेल्या आपल्या लोकांनी या प्रश्नाचा राग मानू नये. तो विचारणारा शत्रूच असतो असे नाही.

रमाबाईंच्या बाजूने मी काय म्हणेन? त्यांनी तटस्थतेचे वचन सदनासाठी दिले होते, स्वतःच्या आत्म्यासाठी नव्हे. दार बंद करून प्रार्थना करणाऱ्या रमाबाईंनी मुलींना एक धडा न बोलता शिकविला असता, की धर्म ही लपविण्याची वस्तू आहे. परंतु मला निर्णायक वाटते ती गोष्ट युक्तिवादातली नाही. सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. त्या तेथे राहिल्या, तेथे शिकल्या आणि हिंदूच राहिल्या. त्याच १८९३ साली, ११ मार्च रोजी, त्यांचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. पुढे त्याच आनंदीबाई कर्वे झाल्या, १८९६ साली कर्व्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला त्याच्या कामात त्या राबल्या, आणि आपल्या 'माझे पुराण' या आत्मवृत्तात त्यांनी सदनातील दिवसांविषयी लिहून ठेवले. काही मुलींनी पुढे बाप्तिस्मा घेतला, गोदूबाईंनी घेतला नाही, आणि त्या घरात दोघींनाही ताटात सारखेच वाढले गेले. उघड्या दारातून जिला आत यावेसे वाटत नाही तिचे स्थान जराही उणे होत नाही, तेव्हाच ते दार खरोखर उघडे असते. असोसिएशनची दहा वर्षे १८९८ मध्ये संपली, तेव्हा रमाबाईंनी तटस्थतेची अट पुढे न चालविता आपले कार्य उघडपणे ख्रिस्ती म्हणून केडगावी चालविले. आतून एक आणि बाहेरून एक अशी व्यवस्था त्यांनी ठेवली नाही, हे मला फार मोलाचे वाटते. ग्रीक व हिब्रू शिकून, अशिक्षित स्त्रियांना कळावे म्हणून साध्या मराठीत अख्खे शास्त्र उतरविणारी ही बाई. आम्हां भाषांतरकारांची ती वडील बहीण आहे, म्हणून तिच्याविषयी मी थोडे अधिक लिहिले, याची क्षमा असावी.

आपल्या काळातील एक उदाहरण केरळचे. १९८५ च्या जुलै महिन्यात तेथील एका शाळेने तीन भावंडांना काढून टाकले. यहोवाचे साक्षीदार या पंथाच्या कुटुंबातील ही मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत. त्या पंथाच्या सिद्धान्तांशी आपले गंभीर मतभेद आहेत, आणि मी स्वतः राष्ट्रगीत मनापासून गातो, माझ्या विश्वासाला त्यात काही अडत नाही. परंतु सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट १९८६ रोजी मुलांच्या बाजूने निकाल दिला तो वाचण्यासारखा आहे. उभे राहण्यात आदर आलाच, गाण्याची सक्ती करणारा कायदा नाही, आणि सहिष्णुता ही या देशाची परंपरा आहे, असा त्याचा आशय. भीड असती तर मुले गायली असती. उद्धटपणा असता तर खाली बसली असती. ती उभी राहिली आणि गप्प राहिली. शाळकरी मुलांना जे जमले ते मला, पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या माणसाला, जिन्यात जमले नव्हते.

'कळवळा' हा आपल्या शास्त्रातला फार सुंदर मराठी शब्द आहे. शुभवर्तमानांत त्या जागी जे ग्रीक क्रियापद आहे ते आतड्यांच्या शब्दावरून बनलेले आहे. आपण मराठीत आतडे तुटते म्हणतो, तसेच. मार्काच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू लोकसमुदाय पाहतो, मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे ते दिसतात, त्याला कळवळा येतो. आणि मग तो काय करतो? आपल्याला भाकरी आठवतात, पण भाकरी नंतर येतात. आधी तो त्यांना शिकवू लागतो. मग संध्याकाळी जेवू घालतो, आणि जेवणाआधी कोणी किती मानले याची विचारणा करीत नाही. कळवळा एकीकडे आणि सत्य दुसरीकडे, आणि आपण दोहोंचा तोल सांभाळावयाचा, अशी जी कल्पना मी बाळगून होतो तिला या अध्यायात आधार सापडत नाही. नानांचा प्रश्न ऐकून माझे आतडे खरेच तुटले असते तर मी त्यांना रिकाम्या हाताने वर जाऊ दिले नसते.

त्या दिवाळीनंतर नाना मुलाकडे नाशिकला राहावयास गेले. निरोप देतानाही मी बोललो नाही. सुमारे तीन महिन्यांनी मी त्यांना पत्र लिहिले, चार पाने. प्रथम क्षमा मागितली. मग, तुम्ही माझे विचारले होते म्हणून माझे सांगतो, असे म्हणून पुनरुत्थानाविषयी आम्ही काय मानतो व मी स्वतः माझ्या आईच्या कबरेपाशी उभा राहून काय मानले, ते लिहिले. काकूंविषयी निवाडा करण्याचा अधिकार मला नाही, तो ज्याचा आहे तो माझ्याहून दयाळू आहे असा माझा भरवसा आहे, हेही लिहिले. पाकीट टपालात टाकताना हात थरथरत होता, हे कबूल करतो.

उत्तर पोस्टकार्डावर आले. अक्षर पोस्टमास्तरचे, पत्त्याच्या चारही ओळी आखल्यासारख्या. "पत्र मिळाले. दोनदा वाचले. सगळे पटले असे म्हणत नाही. पण विचारले होते त्याचे उत्तर मिळाले. तुमच्या पाकिटाला तिकीट एक रुपयाचे जास्त लागले होते. गणपतीत इकडे आलात तर कळवा. सुनेला सांगून ठेवले आहे, तुमचे आधी काढून ठेवायचे."